आंत्रपुच्छातले जंत : आरोपी की साक्षीदार?

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या एका कैद्यावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. कैदी होते महात्मा गांधी आणि शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते कर्नल मॅडॉक. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. आंत्रपुच्छ, म्हणजे आपल्या बोलण्यातले 'अपेंडिक्स', काढले गेले, रोगी बरा झाला आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटकाही केली. ही हकिगत अनेक चरित्रांत येते. मात्र, गांधीजींचे आंत्रपुच्छ मुळात सुजले कशामुळे, हा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या वाचनात नाही.

तो न विचारण्याचे कारण साधे आहे. रोग्याचा जीव वाचवायला कारण कळावे लागत नाही, सुजलेला भाग वेळेवर कापून काढला की पुरते. म्हणूनच जगातल्या सर्वांत जास्त केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक असूनही या रोगाचे मूळ आजही पुरते उलगडलेले नाही. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार दर शंभर माणसांपैकी सात-आठ जणांना आयुष्यात केव्हा तरी हा आजार होतो. त्यांतल्या एकालाही 'तुम्हालाच का झाला' याचे खात्रीचे उत्तर डॉक्टर देऊ शकत नाहीत.

उत्तरे सुचवली गेली नाहीत असे नाही. त्यांतले सर्वांत जुने आणि आपल्या घरांना सर्वांत ओळखीचे उत्तर म्हणजे जंत. मूल पोट धरून बसले की आजी आधी जंतांचे नाव घेते. बाळगुटीत वावडिंग असते, मोठ्या मुलाला डिकेमाली किंवा किरमाणी ओवा दिला जातो. या संशयाला वैद्यकाच्या इतिहासात एक मोठा पाठीराखा मिळाला होता आणि त्यावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. मी डॉक्टर नाही. वैद्यकाच्या इतिहासाचा हौशी वाचक म्हणून या वादाचे कागद जुळवताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

कृमीसारखा अवयव

लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी असते. तिला उंडुक म्हणतात. या उंडुकाला खाली करंगळीएवढी, एका टोकाला बंद असलेली नळी लोंबत असते. इटलीचा शरीररचनातज्ज्ञ बेरेंगारिओ दा कार्पी याने १५२१ साली तिचे वर्णन केले. पुढे या नळीला लॅटिनमध्ये 'व्हर्मिफॉर्म', म्हणजे 'कृमीच्या आकाराचे', हे विशेषण चिकटले. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली सुतासारख्या बारीक जंताला नाव दिले तेव्हा त्यातही 'व्हर्मिक्युलारिस' हा त्याच कुळातला शब्द आला. आज या जंताला एन्टेरोबियस व्हर्मिक्युलारिस म्हणतात. कृमीसारखा अवयव आणि त्यात राहणारा कृमी यांची नावे एकाच लॅटिन शब्दातून यावीत हा निव्वळ योगायोग, पण तो लक्षात राहतो.

आंत्रपुच्छाचा दाह प्राणघातक ठरू शकतो आणि तो स्वतंत्र रोग आहे, हे मात्र फार उशिरा कळले. उजव्या कुशीतल्या गळवांचा दोष त्यापूर्वी बहुधा उंडुकाला दिला जाई. बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली फुटलेल्या आंत्रपुच्छांची शेकडो प्रकरणे अभ्यासून दाखवले की मूळ दोष त्या छोट्या नळीत असतो. 'अपेंडिसायटिस' हा शब्दही त्यांनीच रूढ केला. मग हा आजार चर्चेत यायला वेळ लागला नाही. जून १९०२ मध्ये इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक अवघ्या दोन दिवसांवर आला असताना पुढे ढकलावा लागला. कारण हेच दुखणे होते. सर फ्रेडरिक ट्रेव्हज यांनी राजाच्या पोटातले गळू फोडून पू बाहेर काढला आणि राज्याभिषेक ऑगस्टमध्ये पार पडला.

मेचनिकॉफ यांचा आरोप

राजाच्या या दुखण्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ साली, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले एली मेचनिकॉफ यांनी आंत्रपुच्छदाहामागे जंत असतात असा सिद्धान्त मांडला. मेचनिकॉफ म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे शास्त्रज्ञ. त्यासाठी १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आंबवलेले दूध आणि दीर्घायुष्य यांचा संबंध लोकप्रिय करणारेही तेच. परळच्या ज्या संस्थेला हाफकिन यांचे नाव आहे, ते प्लेगची लस तयार करणारे वॉल्डेमार हाफकिन ओडेसाला मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी होते.

मेचनिकॉफ यांची मांडणी सुबोध होती. जंत आंत्रपुच्छात शिरतो, आतल्या नाजूक अस्तराला जखम करतो आणि त्या जखमेतून आतड्यातले जीवाणू भिंतीत घुसतात. जंत स्वतः पू करत नाही, तो दार उघडून देतो. म्हणून कच्चे अन्न जपून खावे आणि पोटात जंत असतील तर ते औषधाने काढावेत, असा त्यांचा सल्ला होता. शस्त्रक्रियेच्या टेबलावर उघडलेल्या आंत्रपुच्छातून पांढरे, वळवळणारे जंत बाहेर पडताना अनेक सर्जनांनी पाहिले होते, त्यामुळे ही कल्पना पटकन पटण्यासारखी होती.

विरोधही लगेच उभा राहिला. जर्मनीचे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ लुडविग अशॉफ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जंत असलेली आंत्रपुच्छे तपासली. बहुतेकांत खऱ्या दाहाच्या खुणा त्यांना दिसल्या नाहीत. त्यांनी या अवस्थेला वेगळे नाव दिले. त्याचा भावार्थ असा, की जंतांमुळे आंत्रपुच्छाला त्रास होऊ शकतो, दुखूही शकते, परंतु तो अपेंडिसायटिस नव्हे. पुढच्या शंभर वर्षांतला सगळा वाद या दोन भूमिकांमध्ये फिरत राहिला आहे.

पाहुण्याची दिनचर्या

वाद समजण्यासाठी मुख्य संशयित ओळखायला हवा. सुतासारखे हे जंत लांबीला जेमतेम सेंटिमीटरभर असतात. मादी साधारण ८ ते १३ मिलिमीटर, नर त्याहून बराच लहान. त्यांचे राहण्याचे ठिकाण म्हणजे उंडुक, त्याच्या शेजारचे मोठे आतडे आणि आंत्रपुच्छ. थोडक्यात, आंत्रपुच्छ हे त्यांच्या घराचीच एक खोली आहे. रात्री मूल झोपले की मादी खाली उतरून गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर हजारो अंडी घालते. तिथे खाज सुटते, मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि तीच बोटे सकाळी तोंडात जातात. चादरी, कपडे, खेळणी यांच्यावरूनही ती पसरतात आणि काही तासांतच संसर्ग करण्याजोगी होतात. या जंताला मातीत वाढावे लागत नाही. म्हणून तो अनवाणी फिरणाऱ्या मुलात आढळतो तसाच फरशी लख्ख असलेल्या फ्लॅटमधल्या मुलातही आढळतो. त्याची सोबतही जुनी आहे. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या गुहेत सापडलेल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या मानवी विष्ठेत त्याची अंडी मिळाली आहेत.

दुसरा संशयित म्हणजे मोठा गोलकृमी, गांडुळासारखा दिसणारा आणि वीतभर किंवा त्याहून लांब वाढणारा. याचे घर लहान आतड्यात असते, पण त्याला भटकायची सवय आहे. तो पित्तनलिकेत शिरतो, कधी आंत्रपुच्छातही. काश्मीरमध्ये मुलांना या जंतांचा उपद्रव मोठा. तिथल्या सर्जनांनी २०१० साली आंत्रपुच्छात गोलकृमी सापडलेल्या मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. बहुतेक मुलांवर शस्त्रक्रिया झाली होती ती आतड्यातल्या जंतांच्या त्रासासाठी. आंत्रपुच्छातला जंत त्या वेळी सहज दृष्टीस पडला होता. एवढा मोठा प्राणी एवढ्या अरुंद नळीत शिरूनही आंत्रपुच्छ शाबूत राहू शकते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

काचपट्टी काय सांगते

काढलेले आंत्रपुच्छ पॅथॉलॉजीकडे गेले की त्याचे पातळ काप करून काचपट्टीवर तपासतात. सुतासारखा जंत आडवा कापला गेला असेल तर त्याच्या दोन बाजूंना दोन टोकदार कंगोरे दिसतात आणि ओळख पक्की होते. अशा तपासण्यांचे अहवाल जगभरातून आले आहेत. जंत सापडण्याचे प्रमाण कुठे ०.२ टक्के, तर कुठे ४१.८ टक्के इतके टोकाचे नोंदले गेले आहे. २०२० साली एका आढाव्यात असे सुमारे साठ अभ्यास, म्हणजे लाखाहून अधिक आंत्रपुच्छे, एकत्र केली गेली. सरासरी प्रमाण निघाले सुमारे ४ टक्के. जंतांच्या भूमिकेकडे दुर्लक्ष होऊ नये, असा त्या लेखकांचा कल आहे.

तरी या चार टक्क्यांचा अर्थ काय? शंभरातल्या शहाण्णव आंत्रपुच्छांत जंत सापडला नाही. म्हणजे जंत हे या रोगाचे एकमेव किंवा प्रमुख कारण असू शकत नाही, एवढे नक्की. उरलेल्या चारांचे काय, हा खरा प्रश्न आहे. तिथे तुलना लागते. दाह झालेल्या आंत्रपुच्छांत जंत किती आणि निरोगी आंत्रपुच्छांत किती? अडचण अशी की धडधाकट माणसाचे आंत्रपुच्छ कोणी काढत नाही. त्यामुळे अपेंडिसायटिसच्या संशयाने काढलेली, पण तपासणीत निर्दोष ठरलेली आंत्रपुच्छे किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी सोबत काढलेली, एवढीच तुलनेला मिळतात.

ती तुलना अनेकांनी केली आहे. डेन्मार्कमध्ये १९९१ साली दोन हजारांहून अधिक आंत्रपुच्छांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही जंत सुमारे चार टक्क्यांत होते आणि ते विशेष करून शाळकरी वयाच्या मुलांत आणि दाह नसलेल्या आंत्रपुच्छांत आढळले. इतर बऱ्याच अहवालांतही हेच चित्र आहे. पोट दुखले, लक्षणे अपेंडिसायटिसची होती, शस्त्रक्रिया झाली, जंत सापडले आणि भिंतीत सूज मात्र नाही. अशॉफ यांनी म्हटले होते ते जवळजवळ हेच.

मेचनिकॉफ यांच्या बाजूचे लोक इथे दोन हरकती घेतात आणि दोन्ही विचार करण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की पॅथॉलॉजीत आंत्रपुच्छाचे काही मोजकेच काप पाहिले जातात. जंत न दिसणे म्हणजे जंत नसणे नव्हे. दुसरी हरकत अधिक खोल आहे. आंत्रपुच्छ सुजले, पू झाला, की ती जागा जंतालाही राहण्याजोगी उरत नाही. तो जखम करून निघून गेला असेल तर सुजलेल्या आंत्रपुच्छात तो सापडेल कसा? या युक्तिवादाने संशय जिवंत राहतो. मात्र तो जितका चतुर आहे तितकाच धोक्याचा आहे, कारण आरोपी सापडला तर दोषी आणि न सापडला तर पळून गेलेला दोषी, असे म्हटले की कोणताही पुरावा त्याला निर्दोष ठरवू शकत नाही.

मग जंत असताना पोट का दुखते? त्यासाठी दाहाची गरज नाही. अरुंद नळीचे तोंड थोडा वेळ अडले की ती आकसते आणि कळा येतात. तोंड कायमचे बंद झाले तर मात्र गोष्ट वेगळी. अमेरिकन सर्जन ओवेन वँगेनस्टीन यांनी १९३० च्या दशकात दाखवले, की बंद झालेल्या आंत्रपुच्छात स्राव साठून दाब वाढतो आणि दाह सुरू होऊ शकतो. तोंड बंद करणारी गोष्ट म्हणजे बहुधा मळाचा कडक खडा किंवा आंत्रपुच्छाच्या भिंतीतल्या लसिका ऊतींची सूज. क्वचित तिथे जंतांचा गुंताही असू शकतो. काही अहवालांत जंत आणि खरा दाह एकत्र दिसतात, त्यांचे उत्तर बहुधा इथे आहे.

नकाशा काय सांगतो

काचपट्टीवरून डोळे उचलून जगाच्या नकाशाकडे पाहिले की चित्र उलटेच होते. जंत जिथे घरोघरी होते, त्या आफ्रिकेच्या आणि आशियाच्या खेड्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अपेंडिसायटिस विरळा होता. त्याच काळात युरोप-अमेरिकेच्या शहरांत, जिथे नळ आणि गटारे पोचली होती, तो झपाट्याने वाढत होता. जंत हे मुख्य कारण असते तर नकाशा याच्या नेमका उलट हवा होता.

या कोड्याचे एक उत्तर ब्रिस्टलचे सर्जन रेंडल शॉर्ट यांनी १९२० साली दिले. मैदा आणि साफ केलेले अन्न वाढले, चोथा कमी झाला, म्हणून हा रोग वाढला, असे त्यांचे म्हणणे. युगांडात बरीच वर्षे काम केलेले डेनिस बर्किट यांनी १९७१ साली हाच विचार जोरात मांडला. आज कोंड्याची भाकरी, पालेभाज्या यांची महती सांगणाऱ्या पुष्कळ लेखांमागे बर्किटच असतात. (येरवड्यात फळे आणि बकरीचे दूध यांवर राहणाऱ्या गांधीजींना हा आजार व्हावा, याने सिद्धान्त खोटा ठरत नाही. एका रोग्यावरून सिद्धान्त तोलता येत नाही, एवढेच त्यावरून कळते.)

डेव्हिड बार्कर यांनी १९८५ साली वेगळी मांडणी केली. घरात स्वच्छ पाणी आणि शौचालये आली तशी लहानपणीची आतड्याची दुखणी कमी झाली. ज्या संसर्गांशी शरीराची ओळख बालवयातच व्हायची, ते मग मोठेपणी अचानक भेटू लागले आणि आंत्रपुच्छातल्या लसिका ऊतींनी त्यांना जास्त तीव्र प्रतिसाद दिला. स्वच्छतेची पहिली पिढी अशी या रोगाची किंमत मोजते आणि पुढे प्रमाण उतरते, असे त्यांनी सुचवले. अलीकडच्या जागतिक आढाव्यांत नव्याने औद्योगिक होणाऱ्या देशांमध्ये हा आजार वाढताना दिसतो, हेही या मांडणीशी जुळते.

इथे चरकसंहितेची आठवण होणे स्वाभाविक आहे. विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात वीस प्रकारचे कृमी सांगताना ग्रंथकाराने 'सहज' कृमी त्यांतून वगळले आहेत. ते रोग करत नाहीत, असा टीकाकार चक्रपाणिदत्ताचा खुलासा आहे. त्यावरून चरकाला आजचे जीवाणुशास्त्र ठाऊक होते असे कोणी म्हणू नये. शरीरात राहणारा प्रत्येक जीव रोग करतोच असे नाही, हा भेद मात्र जुन्या वैद्यांच्या नजरेला दिसला होता.

नकाशालाही मर्यादा आहेत. खेड्यात सर्जन नसेल तर अपेंडिसायटिसचा मृत्यू 'पोटशूळ' म्हणून नोंदला जाईल किंवा नोंदलाच जाणार नाही. शिवाय एखाद्या प्रदेशात जंत जास्त आणि अपेंडिसायटिस कमी, एवढ्यावरून जंत माणसाचे रक्षण करतात असे ठरत नाही. त्या प्रदेशात आहार, पाणी, वय, दवाखाने असे सगळेच निराळे असते.

मग आपण काय करावे?

दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवल्यावर माझा निष्कर्ष असा. आंत्रपुच्छात जंत असतात हे निर्विवाद आहे. ते तिथे अपेंडिसायटिससारखी पोटदुखी करू शकतात, यालाही भरपूर आधार आहे. ते खरा दाह क्वचित घडवत असावेत, परंतु बहुतेक वेळा ते घटनास्थळी राहणारे रहिवासी असतात. ते तिथे सापडतात म्हणून आपण त्यांना दोषी धरतो.

हा फरक पुस्तकी नाही. आपल्याकडे 'जंतच झाले असतील' या वाक्यामागे धोका दडलेला असतो. पोट दुखते म्हणून मुलाला एरंडेल पाजून पोट साफ करायची जुनी रीत आहे. दुखणे आंत्रपुच्छाचे असेल तर रेचकाने आतड्याची हालचाल वाढते आणि सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो. १९३० च्या दशकात फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी अपेंडिसायटिसच्या मृत्यूंमागे रेचकांचा हात दाखवून लोकांना सावध करणारी मोहीमच चालवली होती. बेंबीजवळ सुरू होऊन काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकणारी वेदना, सोबत उलटी, अन्नावर वासना नसणे, बारीक ताप अशी लक्षणे असली, तर जंतांचे औषध देऊन सकाळपर्यंत वाट पाहणे हा उपाय नव्हे. त्या रात्री डॉक्टर गाठायचा. जंत आहेत की नाहीत हे नंतर पाहता येते.

दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेनंतरची. काढलेले आंत्रपुच्छ पॅथॉलॉजीकडे पाठवायला नातेवाइकांनी खर्चाकडे पाहून नको म्हणू नये आणि आलेला अहवाल फाइलमध्ये न वाचता ठेवू नये. त्यात जंतांचा उल्लेख असेल तर एक काम उरलेले असते. आंत्रपुच्छ गेले तरी बाकीचे जंत उंडुकात आणि मोठ्या आतड्यात तसेच राहतात. म्हणून डॉक्टरांना विचारून मुलाला, आणि घरातल्या सगळ्यांनाच, जंतांचे औषध घ्यावे लागते. दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा असते, कारण औषध जंत मारते, अंडी मारत नाही. नखे कापणे, सकाळी अंघोळ, चादरी गरम पाण्यात धुणे हेही त्याच औषधाचा भाग.

तिसरी गोष्ट सरकारी मोहिमेची. फेब्रुवारी २०१५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. या मोहिमेचा रोख मातीतून पसरणाऱ्या जंतांवर, त्यांच्यामुळे होणाऱ्या रक्तक्षयावर आणि खुंटलेल्या वाढीवर आहे, आणि तेवढे कारण ती गोळी घ्यायला पुरेसे आहे. तिने अपेंडिसायटिस टळेल अशी आशा कोणी दाखवू नये. तसेच, जंत असले की अपेंडिसायटिस होत नाही, असे कुठे वाचून गोळी नाकारूही नये.

मेचनिकॉफ यांचा सिद्धान्त मागे पडला तरी त्यांचा प्रश्न अजून उभा आहे. तो सोडवायला मोठी प्रयोगशाळा लागेलच असे नाही. तालुक्याच्या एखाद्या रुग्णालयाने काढलेले प्रत्येक आंत्रपुच्छ काळजीपूर्वक तपासून घेतले, जंत, खडा, दाह, रोग्याचे वय, घरातले पाणी आणि शौचालय अशा साध्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, तर महाराष्ट्राच्या खेड्यांचे आणि शहरांचे स्वतःचे उत्तर मिळू शकेल.